वेशीच्या आत पाच तास बावीस मिनिटं

दि. २ ऑगस्ट

ती. स्व. मामा यांस,
बडबडीचा सा. न. वि. वि.

सोबतचं खोकं टीव्हीला जोडा. मागे तार लावायची जागा एकच आहे, चुकणार नाही. त्यात आमच्या कंपनीचा नवा खेळ आहे. जादूचं राज्य, तलवारी, शेवटी डोंगरावर ड्रॅगन, आणि तुम्ही वीर. सुरुवातीला एक गाव लागतं. त्या गावातली माणसं जे काही बोलतात ते सगळं मी लिहिलंय.

खेळ बाजारात जायच्या आधी चाळीस जणांना खेळायला देतात. घरचं एक माणूस सुचवता येतं, मी तुम्हाला सुचवलं. कोण कुठे किती वेळ थांबलं हे खोकं आपोआप कंपनीला कळवतं. मागच्या खेपेला लोक माझ्या गावातून चार मिनिटांत बाहेर पडले. साहेब म्हणाले, पुन्हा तसंच झालं तर गाव काढून टाकू, आणि गावाबरोबर मलाही. मामा, दोन वर्षं मी त्यातल्या कुंभाराला बोलतं करतेय.

खेळाची बलस्थानं आणि उणिवा कळवा, पण पत्रानेच. फोनवर किंवा मेलवर खेळाबद्दल अक्षर काढायचं नाही असा नियम आहे. नियम करणाऱ्यांना पोस्ट आठवलंच नाही.

मामींना नमस्कार. माया आहे तेवढी राहू द्या.

तुमची,
भाची

दि. २० ऑगस्ट

चि. बडबडीस,
मामा-मामीचे अ. उ. आ.

खोकं जोडलं. तुझ्या कंपनीचा छापील फॉर्मही मिळाला. त्यात उणिवांसाठी दीड ओळ ठेवलीय, म्हणजे साहेबांचा स्वतःवर भरवसा दांडगा दिसतो. तेव्हा पत्रच लिहितो.

आधी चांगलं सांगतो. तुझा वीर चढावर पळतो. मी बटण दाबतो आणि तो गावातल्या टेकडीवर धाप न लागता पोचतो. गुडघा गेल्यापासून मी जिन्याच्या मधल्या पायरीवर मुक्काम करतो, हे तुला ठाऊक आहे. पहिल्या दिवशी त्याला अकरा वेळा वर पळवला. शेवटी मामी म्हणाली, त्या बिचाऱ्याला काही काम सांगणार आहात, की नुसता व्यायामच करून घेणार?

आता वाईट. चाळीस वर्षं कुलपं दुरुस्त केली मी, आणि तुझ्या गावात कुठलंही कुलूप केसातल्या आकड्याने तीन सेकंदांत उघडतं. हा माझ्या धंद्याचा अपमान आहे. बरं, आत शिरून पेट्या उपसल्या तरी घरमालक हसून म्हणतो, स्वागत असो, वीरा. असा मालक मला जन्मात भेटला नाही. वीर पाठीवर सात तलवारी आणि दोन ढाली घेऊन हिंडतो, पण गुडघाभर कुंपण त्याला ओलांडता येत नाही. उंदीर मारले की त्याची अक्कल वाढते. तसं असतं तर दुकानाच्या माळ्यावर मी केव्हाच पंडित झालो असतो. उद्या जगबुडी होणार असं राजा घसा फोडून सांगतो, आणि मी पंधरा दिवस मासे पकडतोय तरी तो उद्या काही उजाडत नाही.

कुंभार मात्र झकास. मी त्याचं मडकं फोडलं तेव्हा अख्ख्या गावात तो एकटा रागावला. हात धड आहेत ना, मग बस माती मळायला, म्हणाला. मी बसलो. आता दुपारभर मामी त्याच्याकडेच बसते आणि मला खेळायला मिळत नाही.

ड्रॅगन अजून पाहिला नाही. वेशीवरचा पहारेकरी म्हणाला, बाहेर धोका आहे, माघारी फिर. मी फिरलो. तू लिहिलंस म्हणजे काही विचारानेच लिहिलं असशील.

लोभाला कुलूप लावू नकोस.

तुझा,
मामा

दि. ८ सप्टेंबर

ती. स्व. मामा यांस,
सा. न. वि. वि.

अहो मामा, तो पहारेकरी सगळ्यांनाच तसं म्हणतो! वीराने ते ऐकायचं नसतं! बाकीचे एकोणचाळीस जण त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत बाहेर पडले.

पण पुढे काय झालं ते ऐका. साहेबांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, गावातला सरासरी मुक्काम पाच तास बावीस मिनिटं. टाळ्या पडल्या. गाव हेच आपलं बलस्थान असं ठरलं. मी मागचा कागद पाहिला. एकोणचाळीस जण चार-चार मिनिटं, आणि एक जण दोनशे बारा तास. साहेब सरासरीच्या पलीकडे वाचत नाहीत.

ड्रॅगनपर्यंत तिघेच पोचले आणि पहिल्याच फुंकरीत मेले. लोक गावातच रमतात, मग ड्रॅगन हवा कशाला, म्हणून तोच काढायचा ठरला. तो बनवणारा माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. चार वर्षं एकेक खवला बसवतोय. टेबलावर बायकोचा फोटो एक आणि पालींचे चौदा. काल तो पाली खोक्यात भरत होता. माझी खुर्ची वाचली आणि त्याची गेली, तीही तुमच्या मुक्कामामुळे. खरं सांगितलं तर माझं गाव जातं, नाही सांगितलं तर त्याचा ड्रॅगन. दोन दिवस डबा तसाच घरी परत नेतेय. काय करू?

रागावलात तरी चालेल, परकं करू नका.

तुमची,
भाची

दि. १६ सप्टेंबर

चि. बडबडीस,
अ. उ. आ.

पत्र ऐकून मामीने चष्मा काढून ठेवला. म्हणाली, दोनशे बारातले नव्वद तास माझे आहेत, तेही साहेबांना कळवा.

खरं सांगून टाक. किल्ली जुळत नसताना मी जोर लावून कुलूप उघडून दिलं, की आठवड्याच्या आत तेच गिऱ्हाईक तेच कुलूप घेऊन दारात उभं असायचं. पण रिकाम्या हाताने साहेबांकडे जाऊ नकोस. त्यासाठीच परवा मी पहिल्यांदा वेस ओलांडली. पहारेकऱ्याची माफी मागायची होती, पण ते बटण सापडलं नाही.

डोंगर चढून गेलो. बडबडे, काय जनावर केलंय त्या माणसाने! श्वास घेतला की मानेवरचे खवले एकामागून एक उचलले जातात, उत्तम कुलपात किल्ली फिरताना आतले लिव्हर, म्हणजे पितळी पट्ट्या, उचलले जातात तसे. मी बघत उभा राहिलो आणि जळालो. पुन्हा गेलो, पुन्हा जळालो. असा छत्तीस वेळा जळालो. मामी म्हणते, ती पाल तरी कंटाळली असेल.

आणि उणीव सापडली. एवढं मोठं जनावर, पण तोंडात एक शब्द नाही. माणूस इतक्या लांबून येतो. कोण, कुठला, काही विचारपूस? थेट जाळायचं? इकडे तुझ्या गावात माणसं बोलून बोलून थकतात, आणि त्यातल्या कोणामुळे डोंगर चढावासा वाटत नाही. त्या ड्रॅगनला तू बोलतं कर. खवले त्याचे, शब्द तुझे. मग एकाला काढायचं तर दुसऱ्यालाही काढावं लागेल, आणि दोघांचं काम एकट्याने उरकणं साहेबांना झेपेलसं वाटत नाही.

हे पत्र त्या पालवाल्यालाही दाखव. जेवत जा. आमचा जीव तुझ्यात आहे, तो तिथेच असू दे.

तुझा,
मामा

दि. २७ सप्टेंबर

ती. स्व. मामा आणि मामी यांस,
सा. न. वि. वि.

सांगितलं. मामींच्या नव्वद तासांसकट सांगितलं. साहेबांनी फळ्यावरचा आकडा पुसला. तुम्हाला वगळून सरासरी काढली, तर चार मिनिटं. म्हणजे गावही काढायचं. ड्रॅगन तर आधीच काढलेला. मग आपल्या खेळात उरतं काय, असं त्यांनी विचारलं. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, मासे.

तेवढ्यात पालवाला उठला आणि त्याने तुमचं पत्र वाचून दाखवलं. लिव्हरचं वाक्य त्याने दोनदा वाचलं. चार वर्षांत त्या मानेकडे कोणी इतकं निरखून पाहिलं नव्हतं. साहेबांनी दोघांना मिळून तीन महिने दिलेत. त्यानंतर पुन्हा चाळीस जण खेळतील आणि मग काय तो निकाल. त्या चाळिसांत तुम्ही दोघं नाही. तसा नवा नियमच झालाय, आणि या वेळी त्यात पोस्टाचंही नाव आहे. तेव्हा खेळाबद्दलचं हे शेवटचं पत्र.

सकाळपासून आम्ही ड्रॅगनच्या पहिल्या वाक्यावर बसलो होतो. पालवाल्याचं म्हणणं, गर्जना करून नाव विचारावं. माझं म्हणणं, इतकं चालून आलेल्या माणसावर ओरडायचं कशाला? दुपारी त्यालाही पटलं. आता माथ्यावर पोचलं की ड्रॅगन मान खाली आणतो, खवले एकेक करून उचलले जातात, आणि तो म्हणतो, आलात? बसा आधी. चढ फार आहे.

माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
बडबडी