बेहडाटोली हे नाव राहू देण्याबाबत

प्रति,
मा. प्रकल्प प्रमुख,
डासजन्य विषाणू संशोधन प्रकल्प,
क्षेत्रीय कार्यालय, भंडारा.

अर्जदार : तुलाराम सोमाजी कापगते, सेवानिवृत्त ग्रामीण डाकसेवक, मु. बेहडाटोली, ता. लाखनी, जि. भंडारा.

विषय : चिकुनगुनियाच्या विषाणूस दिलेले आमच्या गावाचे नाव काढून टाकावे, हा अर्जदाराचाच पूर्वीचा अर्ज रद्द समजून सदर नाव कायम ठेवण्याबाबत, तसेच अड्याळ येथे डॉक्टर पाठविण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा पूर्वीचा अर्ज (पुन्हा वाचण्याची आवश्यकता नाही).
२) त्यावर आपल्या कार्यालयाचे दोन ओळींचे उत्तर.
३) अर्जदाराच्या पत्नीचे तोंडी आदेश.

महोदय,

१. सविनय कळविण्यात येते की, अर्जदाराने हयातभर डाक वाटली. बेहडाटोली हे गाव हमरस्त्यापासून आत, धानाच्या बांध्यांमध्ये वसलेले असून रस्त्यावर त्याची पाटी नाही. गावाच्या नावाची पत्रे आधी भलत्याच गावी जात, तिथे वाचली जात आणि मग सवडीने इकडे येत. एका घरी मयतीची चिठ्ठी तेरवी आटोपल्यावर पोचली. ती अर्जदाराने स्वतःच्या हाताने दिली, आणि त्या घरच्या म्हातारीने चिठ्ठीकडे न पाहता अर्जदाराकडे पाहिले. तेव्हापासून, आपल्या गावाचे नाव एकदा तरी कुठे ठळक छापून यावे, अशी इच्छा अर्जदारास जडली. इच्छा वाईट नव्हती. ती पुरी कशी झाली, हे पुढे नमूद केले आहे.

२. गेल्याच्या मागल्या पावसाळ्यात, धानाची रोवणी आटोपत आली असता, गावात ताप शिरला. अर्जदाराची पत्नी सौ. कुंताबाई सकाळी चुलीपुढे बसली ती उठेना. “अजी, मले उठवा ना, पाय आपले नाई वाटून राह्यले,” असे तिने म्हटल्यावर अर्जदाराने प्रथम तिला चहा थंड झाल्याचे कळविले. नंतर अंगाला हात लावला तर चटका बसला. तीन घरे सोडून चौथ्या घरी हीच गत होती. माणसे कमरेत वाकून, भिंतीला धरून चालत होती, आणि गावच्या चावडीवर बसणे ज्याला त्याला अवघड झाले होते.

त्याच सुमारास आपल्या प्रकल्पाचे पथक डॉ. रिता मॅडम यांच्यासोबत गावात आले. प्रत्येक घराचा दरवाजा ठाऊक असलेला इसम म्हणून अर्जदार त्यांच्यापुढे चालू लागला. तलाव व बोडी सोडून ही मंडळी लोकांचे रांजण आणि पाण्याच्या टाक्या पाहतात, हे अर्जदारास पटले नाही. मच्छर घाण पाण्यात होतात व संध्याकाळी चावतात, असे अर्जदाराने मॅडमना भर रस्त्यात उभे करून सविस्तर समजावून सांगितले. मॅडमनी सर्व ऐकून घेतले. मग अर्जदाराच्याच पडवीतील कूलरची टाकी पाहण्याची परवानगी मागितली. उन्हाळ्यापासून तशीच पडून असलेल्या त्या टाकीत छपरावरून गळलेले पावसाचे स्वच्छ पाणी होते, आणि त्यात अळ्या शाळा सुटल्यासारख्या वळवळत होत्या. “काका, हा डास दिवसा चावतो आणि त्याला असंच चांगलं पाणी लागतं,” एवढेच मॅडम म्हणाल्या. उरलेल्या गावात अर्जदार पथकाच्या मागून चालला.

३. पथकाने तापाच्या पहिल्या दिवसांतील रुग्णांचे रक्त त्यांच्या संमतीने घेतले. त्यांपैकी कुंताबाईच्या रक्तातील विषाणू प्रयोगशाळेत जिवंत वाढला. पुढे मॅडम पुन्हा आल्या असता त्यांनी सांगितले की, अशा विषाणूस ओळखीसाठी तो ज्या ठिकाणी मिळाला त्याचे नाव देतात. मग त्यांनी विचारले, “लाखनी लिहू का? तालुका सगळ्यांना माहीत असतो.”

या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार कुंताबाईचा होता, कारण रक्त तिचे होते. उत्तर अर्जदाराने दिले. “लाखनी कायले जी, मॅडम? बेहडाटोली लिहा. पुरं लिहा,” असे म्हणून त्याने इंग्रजी स्पेलिंग एकेक अक्षर सांगितले. मॅडम म्हणाल्या, “काका, हे रोगाच्या विषाणूला लागणारं नाव आहे, बक्षिसाला नाही. विचार करून सांगा.” अर्जदाराने विचार केला नाही.

४. मागील दिवाळीनंतर तो शोधनिबंध प्रसिद्ध झाला. अर्जदाराची मुलगी कु. दामिनी ही लाखनीला संगणक केंद्रात काम करते. तिने तो मोबाईलवर शोधून बापास दाखविला. इंग्रजी मजकुरातून बेहडाटोली हा एकच शब्द अर्जदारास वाचता आला, आणि तेवढ्याने डोळ्यांत पाणी आले. पूर्ण मजकूर वाचून दाखवू का, असे दामिनीने विचारले असता अर्जदार तोपर्यंत फ्लेक्सच्या दुकानात पोचला होता.

गावच्या तोंडाशी जो फ्लेक्स लागला, त्यावर “बेहडाटोलीचे नाव जगाच्या नकाशावर” असे लिहून खाली अर्जदाराचा हात जोडलेला फोटो होता. कोपऱ्यात एक मच्छरही होता, तो दुकानदाराने आपल्या मनाने टाकला. कुंताबाई काठी टेकत तिथवर आली, बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “बिमारी माही, अन् फोटो तुमचा.” तिच्या बोटांची सूज तोवर उतरली नव्हती, भाकर थापता येत नव्हती, कुकरचे झाकण दामिनी लावून जात असे. फ्लेक्ससमोर उभे राहून अर्जदाराने यातील एकाही गोष्टीचा विचार केला नाही, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

५. त्यानंतरची वस्तुस्थिती अशी की, कोणीतरी फ्लेक्सचा फोटो काढून “बेहडाटोली विषाणूपासून सावधान” या मथळ्याखाली मोबाईलवरून पसरविला. तालुकाभर अर्जदाराचे हात जोडलेले दर्शन झाले. लाखनीच्या बाजारात आमच्या गावची वांगी लोक हातात घेऊन, गाव विचारून खाली ठेवू लागले. वांग्यातून हा रोग होत नाही, असे अर्जदाराने बाजारात उभे राहून सांगितले, तेव्हा एका बाईने ओळखले. “हेच ते फोटोतले,” असे ती म्हणाली आणि वांग्यांबरोबर अर्जदारापासूनही दूर झाली.

सर्वांत मोठे नुकसान घरातच झाले. दामिनीची सोयरीक अड्याळचे श्री. मारोतराव काशीवार यांचे चिरंजीव कैलाश यांच्याशी ठरत आली होती. कैलाशचे कृषिपंप दुरुस्तीचे दुकान आहे. पोरगा कामाचा, आणि दामिनीच्या मनातला. मारोतराव स्वतः येऊन ओसरीवर बसले, पाणी प्यायले नाही आणि म्हणाले, “तुलारामजी, पोरगी सोन्यासारखी हाय. पण लोकं विचारतात, बिमारीच्या गावची पोरगी काहून आणून राह्यले? मी काय सांगू त्याइले? थोडं थांबू.” थांबू म्हणजे काय, हे सोयरिकीच्या व्यवहारात सर्वांना कळते. दामिनी आत होती. तिने बापाला एक शब्द बोलून दाखविला नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी कामावर गेली. बोलली असती तर अर्जदारास बरे वाटले असते.

६. या परिस्थितीत अर्जदाराने संदर्भ क्र. १ चा अर्ज केला. तो मागे घेत असल्याने त्यातील मुद्द्यांची लाज थोडक्यात वाटून घेणे योग्य होईल. सदर विषाणूकडे बेहडाटोलीचा रहिवासी दाखला नाही, सबब त्यास गावचे नाव लावण्याचा हक्क नाही, असे अर्जदाराने म्हटले होते. पुराव्यासाठी ग्रामसेवकाकडे जाऊन, हा विषाणू आमच्या गावात राहत नसल्याचा दाखला मागितला होता. ग्रामसेवक म्हणाले, “काका, जो राहतच नाही त्याचा अर्ज कोणी करायचा?” यावर अर्जदाराने विषाणूच्या वतीने अर्ज लिहून दिला. तोही परत आला. शेवटी, गावाचे नाव काढणे शक्य नसल्यास त्या जागी अर्जदाराचे स्वतःचे नाव घालावे, म्हणजे गाव सुटेल, अशी पर्यायी विनंती केली होती. आपल्या कार्यालयाने प्रसिद्ध झालेले नाव बदलता येत नाही असे कळविले, आणि “तुलाराम विषाणू” या सूचनेबाबत मौन पाळले, याबद्दल अर्जदार आभारी आहे.

७. उत्तर आले त्या दिवशी कुंताबाईने ते दामिनीकडून वाचून घेतले. मग म्हणाली, “तुमचे अर्ज झाले असतील तं चला अड्याळले. मी बोलतो.” मुलीच्या आईने न बोलावता सोयऱ्यांच्या दारी जाणे आमच्यात बरे दिसत नाही, असे अर्जदाराने निदर्शनास आणले. “बरं दिसाचं तुमी नका सांगू,” ती म्हणाली. हेच ते संदर्भ क्र. ३ चे आदेश होत.

अड्याळला मारोतरावांनी बसविले, पण बोलणे पुढे सरकेना. चहा कैलाशने आणला. तो इतका पातळ होता की कपाचे बूड दिसत होते. घरात बाई असून पोराने चहा केला, हे पाहून अर्जदाराने मनात वेगळाच अर्थ काढला, की आम्हांला या घरच्या बाईच्या हातचे पाणीसुद्धा द्यायचे नसावे. तेवढ्यात मारोतरावांच्या पत्नी रुखमिणीबाई आतून भिंतीला धरत आल्या. बसताना त्यांनी दात आवळले. कप बोटांनी न धरता दोन्ही तळव्यांत धरला.

कुंताबाई आपली जागा सोडून त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि हळू विचारले, “बाई, सकायी मुठी वळतात का?”

रुखमिणीबाईंनी नवऱ्याकडे पाहिले, मग कुंताबाईच्या हातांकडे. “नाई वळत,” त्या म्हणाल्या. “दुपारपावतर दगडावानी राह्यतात. कोणाले सांगू? घरचे म्हणतात वय झालं. शेजारच्या म्हणतात, सून येनार म्हणून सासू आताच बसली.” बोलता बोलता त्यांनी हात पदराखाली घेतले. त्याच पावसाळ्यात त्यांनाही ताप आला होता, पथक अड्याळलाही आले होते, आणि त्यांनीही रक्त दिले होते. ताप उतरला तसे सगळे ते विसरले. हातपाय विसरले नाहीत.

कुंताबाईने तिथूनच डॉ. रिता मॅडमना फोन लावण्यास अर्जदारास फर्माविले. मॅडमनी आधी रुखमिणीबाईंना विचारले की, तुमच्या तपासणीचे सर्वांसमोर बोलू का. “बोला जी, लपवाचं काय हाय त्यात,” त्या म्हणाल्या. तेव्हा मॅडमनी नोंद पाहून सांगितले की, तुमच्या रक्तात सापडलेला विषाणू हा बेहडाटोलीत सापडला तोच. तापानंतर सांधे महिनोन्‌महिने धरून राहतात, काहींना वर्षाच्या वर. हे सोंग नव्हे, म्हातारपणही नव्हे. उपचार आहे, व्यायाम आहे, धीर धरावा लागतो. एकीची दुसरीला लागण होत नाही, मधे डास लागतो. तो कोणत्या गावातून कोणत्या गावात गेला, हे मात्र त्यांनाही सांगता येत नव्हते.

फोन बंद झाला. मारोतराव जमिनीकडे पाहत होते. कैलाश दारात उभा होता. अर्जदाराने, आयुष्यात बहुधा प्रथमच, मधे न बोलता उरलेला पातळ चहा संपविला. मग रुखमिणीबाई नवऱ्याला म्हणाल्या,

“म्हणजे बेहडाटोली माह्या आंगात दीड वरीस झालं नांदून राह्यली. मंग त्या गावची पोरगी घरात काहून नाई नांदनार?”

मारोतरावांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली आणि कैलाशला पंचांग आणावयास सांगितले. लग्न वैशाखात आहे. निघताना दोघी बाया एकमेकींचे हात हातात घेऊन उभ्या राहिल्या. दाबता येत नव्हते, म्हणून नुसते धरले.

८. सबब अर्जदाराची विनंती अशी की :

अ) पूर्वीचा अर्ज रद्द समजून विषाणूचे नाव बेहडाटोली हेच राहू द्यावे. तातडीचे कारण असे की, “ताप आमच्याकडे आधी आला, नाव अड्याळचं पाहिजे,” असे मारोतराव आता चारचौघांत म्हणू लागले असून त्यांचाही अर्ज येण्याचा संभव आहे. ते वरपिते असल्याने अर्जदारास त्यांच्याशी भांडता येत नाही. कृपया आपणच नकार द्यावा.

आ) अड्याळला एक दिवस डॉक्टर पाठवावे. रुखमिणीबाईंच्या आळीतच हात पदराखाली घेऊन बसलेल्या आणखी बाया आहेत. ताप गेला म्हणून त्यांच्या घरी दुखणेही गेल्याचे समजतात. शोधनिबंधात सांध्यांबद्दल जे लिहिले आहे, असे दामिनी सांगते, ते त्यांच्या घरच्यांना मराठीत, मोठ्याने, आणि शक्यतो पुरुष मंडळी घरी असताना वाचून दाखवावे.

इ) त्या प्रसंगी गर्दी जमविण्यासाठी फ्लेक्सची गरज पडल्यास अर्जदार तो लावणार नाही, याची हमी या अर्जाद्वारे देण्यात येत आहे.

कळावे. यापुढे अर्ज करण्याआधी घरात विचारून घेणारा,

(सही)
तुलाराम सोमाजी कापगते
बेहडाटोली
दिनांक : १६ फेब्रुवारी २०२६

सोबत :
१) आपल्या कार्यालयाच्या उत्तराची प्रत.
२) लग्नाचे निमंत्रण, डॉ. रिता मॅडम व पथकासाठी. पत्रिका छापून आलेली नाही, सबब तूर्त हेच निमंत्रण समजावे.
३) नाव कायम ठेवण्यास सौ. कुंताबाई तुलाराम कापगते यांची लेखी संमती. सही वाकडी आहे, परंतु पेन तिने स्वतः धरला होता.