खुब्याच्या आत काय होतं

आबा, गेल्या आठवड्यात मी तुमच्यासारखंच दुखणं डोळ्यांनी पाहिलं. जळगावच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची सिस्टर आहे मी, हे तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही गेलात तेव्हा माझं नर्सिंगचं शिक्षणही संपलं नव्हतं. जामनेरकडच्या एक अक्का आल्या होत्या. खुब्याचा सांधा बदलून बराच काळ झालेला, तरी जांघेत कळ. तपासणीच्या टेबलावर चढताना त्यांनी दोन्ही हातांनी मांडी धरली आणि पाय उचलून वर ठेवला, एखादं पोतं ठेवावं तसा.

तुम्ही असाच पाय उचलायचात. धुळ्याला तुमचा सांधा बदलला, टाके सुकले आणि तुम्ही पुन्हा एसटीवर कंडक्टर म्हणून रुजू झालात. पण गाडीची पायरी चढायची म्हटली की चेहरा पांढरा पडायचा. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरून सांगितलं, "सांधा अगदी जागेवर आहे. दुखणं मनातून काढून टाका." तुम्ही म्हणालात, "फोटो चांगला शे, साहेब. पन पाय मना शे." पाय माझा आहे, एवढंच. डेपोत कुणीतरी तुम्हाला कामचोर म्हटलं. तुम्ही ते घरी बोलला नाहीत, तुमच्या गाडीवरच्या ड्रायव्हरकाकांकडून कळलं. आईनेही एकदा तेल चोळता चोळता विचारलं, "डाक्टर काय खोटं सांगतीन का?" तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. पुढे नोकरी सुटली. मग मेडिकलच्या दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या, सकाळ-संध्याकाळ, वर्षानुवर्षं. त्या गोळ्यांनीच किडन्या खाल्ल्या. शेवटच्या उन्हाळ्यात पाणी घोटाघोटानेच द्यायचं होतं. तुम्ही मला ओठांवर ओलं फडकं फिरवायला सांगता आहात आणि माठाकडे बघत पडला आहात, हे अजून तसंच दिसतं.

आमच्या सर्जन सरांनी अक्कांच्या जांघेत, दुखऱ्या जागी, आधी बधिर करणारं इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने म्हणाले, "आता उचला पाय." पाय वर गेला, हात न लावता. "म्हणजे दुखणं खरं आहे, आणि कुठे आहे तेही सापडलं," सर म्हणाले. अक्का रडायला लागल्या. घरचे त्यांना नाटकी म्हणत होते. मग दुर्बिणीचं ऑपरेशन झालं, बोटही जाणार नाही एवढ्या छिद्रांतून. मी सरांच्या शेजारी उभी होते. पडद्यावर मांडी उचलणाऱ्या स्नायूची दोरी दिसली. बसवलेल्या सांध्याच्या वाटीच्या कडेवर घासून घासून ती लाल झाली होती, तंतू सुटले होते. साध्या एक्स-रेत ही दोरी दिसतच नाही, आबा. सरांनी ती कापून सैल केली आणि तेवढ्यानेच काम झालं.

तुमच्या खुब्यात हेच होतं असं मी शपथेवर सांगू शकत नाही. तेव्हा धुळ्यात असं ऑपरेशन करणारं कुणी होतं का, तेही मला माहीत नाही. पण एक सुई टोचून पाहता आली असती. कुणीतरी तुम्हाला म्हणालं असतं की दुखतंय ते खरं आहे.

रविवारी धुळ्याला गेले. आई भाकरी थापत होती. "काय नवीन शे तुना दवाखानामा?" तिने विचारलं. "काही नाही," म्हटलं. हे तिला कळलं तर तिचं ते एक वाक्य ती मरेपर्यंत उगाळत बसेल. म्हणून तुम्हाला लिहिते आहे, जिथे पोचायचं नाही तिथे.

अक्का घरी जाताना माझ्यापाशी थांबल्या, माझे हात हातात घेऊन म्हणाल्या, "बाई, तुझं भलं होवो." मी हसले. पण मला आनंद झाला नव्हता, आबा. मला त्यांचा हेवा वाटला.