पुरेशी माणसं

भवानीपूर, कलकत्ता
१४ डिसेंबर १९५४

प्रिय लीला,

मुंबईला गेलीस आणि मला विसरलीस म्हणून भांडायचं होतं, पण आता भांडायचंही त्राण नाही. ह्यांना हॉस्पिटलातून घरी आणलंय. बरे झाले म्हणून नव्हे, तिथे करण्यासारखं काही उरलं नाही म्हणून. मूत्राशयाचा कॅन्सर आहे. लघवीतून रक्त जायचं तेव्हा हे म्हणायचे, उन्हाळी लागली असेल, धने-जिरे भिजव. मीही खुळ्यासारखी भिजवत बसले.

हावड्याच्या त्या रंगाच्या कारखान्यात हे आणि दत्तूभाऊजी एकाच शेडमध्ये, एकाच पिंपातली भुकटी उपसायचे. दोघं तुझ्याकडे पिवळ्या हातांनी जेवायला बसायचे आणि तू चिडवायचीस, लग्नाची हळद अजून उतरली नाही वाटतं! किती हसायचो गं आपण.

कामगारांनी ओरड केली म्हणून चौकशी समिती बसली आहे. तिच्यातले डॉक्टर शरच्चंद्रबाबू भले गृहस्थ. त्यांनी मला समजावलं, पदार्थांचे वर्ग करतात : कॅन्सर करणारा, संशयित आणि निर्धोक. ह्या भुकटीने उंदरांना काही झालं नाही, कुत्र्यांना गाठी आल्या, म्हणून ती संशयित. वरच्या वर्गात घालायला माणसांतला पुरावा लागतो. एकाच शेडमधली पुरेशी माणसं आजारी पडायला हवीत आणि दुसरं कारण निघता कामा नये. ह्यांना कलकत्त्याने तंबाखूच्या जर्दापानाची सवय लावली. समितीने विचारलं, ह्यांनी खरं ते सांगितलं, तर दुसरं कारण संभवतं म्हणून ह्यांना पुराव्यातून वगळलं. संशयाचा फायदा आरोपीला देतात हे ऐकलं होतं. भुकटीलाही देतात हे ठाऊक नव्हतं. इतका संताप येतो, लीला, आणि त्याचं करायचं काय तेच कळत नाही. शेडमध्ये पिंपं अजून रोज उघडतात.

आता लिहायचं कारण सांगते. घाबरू नकोस असं मी म्हणणार नाही. भाऊजींना काही त्रास नसला तरी त्यांना लगेच दवाखान्यात ने, लघवी तपासून घे. शेड सोडून वर्षं झाली म्हणून स्वस्थ बसू नकोस, हा रोग फार उशिरा डोकं वर काढतो म्हणे. भाऊजींना पान-विडीचं व्यसन नाही हे कळल्यावर शरच्चंद्रबाबूंनी तुमचा पत्ता मागितला. मी अजून दिलेला नाही. भाऊजींच्यात काही निघालं, तर कदाचित ती शेड बंद होईल, ह्यांचं मरणही कुणी खरं मानेल. देवापुढे बसले की भाऊजी ठणठणीत असू देत एवढंच तोंडातून निघतं. मनात काय येतं ते मात्र, लीला, मला विचारू नकोस.

तरीही तुझीच,
सुनीती