टॅग कोकलला तेव्हा

४ मार्च, सोमवार
सुटल्या एकदाच्या! इतकी वर्षं दुकानातल्या चामडी पर्सेस वायरीने स्टँडला जखडलेल्या. बाई पर्स खांद्याला लावून आरशाकडे निघाली की वायर ताणायची, आणि ती ओशाळून परत ठेवायची. आज टॅगवाला आला. प्रत्येक पर्सला बटणाएवढा टॅग. वायर नाही, काही नाही. पर्स दाराबाहेर गेली की टॅग स्वतःच कोकलणार! दिवसभर बायका आरशासमोर मिरवत होत्या. मॅनेजर चक्क हसला.

७ मार्च, गुरुवार
आज वाईट झालं. एक बाई पर्स घेऊन निघाली, मी दाराशीच, रोजच्या ड्युटीवर. हसून म्हटलं, "पुन्हा या हं!" तेवढ्यात गल्ल्यावरची पोरगी मला ढकलून बाहेर धावली. बाई पर्स टाकून पसार.
मॅनेजर म्हणाला, "टॅग तुमच्या कानाशी बोंबलतोय, आणि तुम्ही 'पुन्हा या' म्हणताय? ओळखीची होती का?"
ओळखीची! टॅग वाजत होता? मला तर काहीच—

८ मार्च, शुक्रवार
लेकीला सांगितलं. तिने मोबाईलवर एकेक आवाज लावला. "हा येतोय? आणि हा?" जाड आवाज सगळे आले. बारीक एकही नाही, आणि टॅगचा तसलाच.
तिने मोबाईल खाली ठेवला. मग म्हणाली, "तू हाकेला ओ देत नाहीस ना, मला वाटायचं रागावली आहेस."
उद्या मॅनेजरला सांगणार. नोकरी गेली तर गेली. चोराची साथीदार ठरण्यापेक्षा बहिरी बरी.

९ मार्च, शनिवार
सांगितलं, एका दमात. तो नुसता पेन फिरवत बसला. म्हटलं, झालं, आता घरी पाठवतो. तर त्याने टॅगवाल्याला फोन लावला! "अहो, ऐकू न येणाऱ्या माणसासाठी काही आहे का?" मग मला म्हणाला, "परवा तोंडाला येईल ते बोललो, ताई. मनावर घेऊ नका."
घेतलं होतंच. पण उतरलं.

१४ मार्च, गुरुवार
काडेपेटीएवढं यंत्र मिळालं. टॅग वाजला की माझ्या खिशात थरथरतं. पहिल्यांदा थरथरलं तेव्हा मीच किंचाळले! अख्खं दुकान हसलं. मीही.

१९ मार्च, मंगळवार
पकडला! एक गृहस्थ बायकोसाठी पर्स बघता बघता फोनवर बोलत थेट रस्त्यावर. गल्ल्यावरची पोरगी मान वर करेपर्यंत मी त्यांच्यापुढे हजर. "काका, शोभतेय हं तुम्हाला! पण बिल?" बिचारे लाजून लाल. पर्स घेतलीच मग.

६ एप्रिल, शनिवार
डॉक्टरकडून कानाचं मशीन आलं. नुसता गोंगाट—पावलं, कागदाची सळसळ, नळ! डोकं उठलं. काढून ठेवलं.

७ एप्रिल, रविवार
सकाळी पुन्हा घातलं. बाथरूममधून गाणं येत होतं. लेक केस पुसत बाहेर आली, तर मी दाराशीच उभी.
"कधीपासून गातेस गं?"
"रोजच की, आई."