गिटार जुनी दिसावी म्हणून

३ ऑगस्ट, सकाळी दहा

ठरलं. गिटार जुनी करायची.

तशी ती जुनीच आहे, अठ्ठावन्न वर्षांची. पण दिसत नाही, ही अडचण. आज पलंगाखालून पेटी ओढली, कड्या उघडल्या. आत ती लालभडक, चमचमती, जणू कालच कारखान्यातून निघाली. आमच्या कास्तेलफिदार्दो गावात तेव्हा जिकडे तिकडे अकॉर्डियनचे कारखाने. पोरं गिटारी मागू लागली तेव्हा मालकांनी अकॉर्डियनवरचा चमकीचा सेल्युलॉइडचा पत्राच गिटारीवर चिकटवला. ही त्यातली. पॉलिश माझ्या हातचं. मी म्हातारा झालो आणि माझ्या हातचं काम तसंच तरुण राहिलं, हे काही बरोबर नाही.

कारण असं, की ३१ तारखेला चौकात जुन्या बँडांची संध्याकाळ आहे. नात जिनेव्रा बोलोन्याहून येणार आणि माझी गिटार घेऊन स्टेजवर वाजवणार. तिने लहानपणापासून ऐकलंय, की आजोबांनी 'चार कंदील' बँडबरोबर दोन उन्हाळे किनाऱ्यावरची नाचघरं गाजवली. दोन उन्हाळे फिरलेल्या गिटारीवर एक चरा नाही, एक टवका नाही? पोरगी हुशार आहे.

(दोन उन्हाळे हे ढोबळमानाने. चार महिने तालीम आणि चर्चच्या हॉलमध्ये एक कार्यक्रम, अशा तपशिलात कोण शिरतं? ऐन दौऱ्याच्या दिवशी मला ताप आला.)

मानेच्या मागे, वरच्या टोकाजवळ, अंगठ्याएवढा मंद डाग दिसला. ओल असणार. फडक्याने घासून काढला.

निश्चय: रोज एक तास. महिनाअखेर गिटार माझ्या वयाची दिसली पाहिजे.

५ ऑगस्ट

कंप्यूटरवर वाचलं. जगात लोक नव्या गिटारी मुद्दाम झिजवून घेतात, वर जास्त पैसे देतात. म्हणजे मी करतोय ते फसवणूक नाही, कला आहे. झीज कुठे हवी तेही कळलं: वरच्या कडेला जिथे हात टेकतो तिथे, आणि पाठीवर जिथे पट्ट्याचं बक्कल घासतं तिथे.

पॉलिशपेपर घेतला. तासभर घासलं. छान मळकट डाग पडला. कॉफी प्यायला बारमध्ये गेलो.

६ ऑगस्ट

कालचा डाग नाही.

चोरी नव्हे. मीच. कॉफी पिऊन आलो, डाग दिसला, हाताने फडकं उचललं, मला विचारलं नाही. अडतीस वर्षं कारखान्यात पॉलिशच्या चाकासमोर उभा राहिलेला हात आहे. चरा दिसला की त्याला धीर निघत नाही.

निश्चय: फडक्याला शिवायचं नाही.

७ ऑगस्ट

शिवलो.

९ ऑगस्ट, दुपारी

नवा उपाय. गिटार थंड करून एकदम गरम केली, की अंगावर केसासारख्या बारीक भेगा पडतात म्हणे. मान स्क्रू काढून वेगळी केली आणि धड प्लास्टिकमध्ये गुंडाळून गॅरेजातल्या फ्रीजरमध्ये ठेवलं. मग जरा आडवा झालो, तेव्हा दोन ओळी सुचल्या:

पेटीत निजली लाल राणी,
ओठांत अडली जुनी गाणी.

पुढचं सुचेना. चौथीतल्या पाल्मिराबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, दुइलिओ, यमक जुळलं म्हणजे कविता झाली नाही, बस खाली. पण पाठांतरात मीच पहिला असायचो. अजूनही चालता चालता त्या कविता ओठांवर येतात, अर्ध्याच.

१० ऑगस्ट

भेगा नाहीत. आमच्या कारखान्याचं चिकटवण्याचं काम असं, की उत्तर ध्रुवावर नेलं तरी हलणार नाही. अभिमान वाटला, मग राग आला.

मुलगी लोरेदाना मटार काढायला फ्रीजर उघडते तर आत गिटार. म्हणाली, बाबा, हे काय? मी म्हणालो, शास्त्रीय प्रयोग. ती म्हणाली, बांगडे माशांच्या शेजारी? आता जिनेव्रा स्टेजवर चढली, की पहिल्या रांगेत गावातली मांजरं बसतील.

वास खरंच येतोय.

१५ ऑगस्ट

चर्चच्या सणाचं जेवण. झुरिकहून नेवियोचा फोन. 'चार कंदील'मधला आता तोच एक उरलाय. ३१ला येतोय. एक खुबा नवा बसवलाय, पण आवाज तसाच खणखणीत. म्हणाला, लेका, जिवंत आहेस ना? गिटार आणतोयस ना? मी म्हणालो, आणतोय. पुढे काय बोलला ते ऐकू आलं नाही. लाइन खराब होती. बहुधा.

नेवियोला सगळं ठाऊक आहे. तो स्टेजवर बोलणार. पण गिटारच बोलकी असेल, तर माणसाचं कोण ऐकतं? कामाला वेग दिला पाहिजे.

१७ ऑगस्ट

जमलं!

घरातली सगळी फडकी लोरेदानाकडे कुलपात ठेवायला दिली. मग डोळे मिटले आणि किल्ल्यांचा जुडगा फिरवला. पाठीवर बक्कल. खालच्या कडेला पेचकस. बारा चरे, तीन टवके. पांढऱ्या प्लास्टिकवर कडक कॉफी लावून पिवळेपणा आणला. हात रडत होता, पण मी ऐकलं नाही. काय रूप आलंय! पाहता पाहता मला त्या दौऱ्यातले प्रसंगसुद्धा आठवायला लागले.

२० ऑगस्ट

तारा बदलायला सेत्तिमिओच्या दुकानात गेलो. गिटारी दुरुस्त करण्यात त्याचा हात कुणी धरत नाही, फक्त तोंड फटकळ. त्याने गिटार उजेडात धरली आणि म्हणाला, काका, मारामारीत कोण होतं? मी म्हणालो, नाचघरांतली झीज आहे. तो म्हणाला, काका, खरा चरा माणसाचं लक्ष दुसरीकडे असताना पडतो. हे सगळे लक्ष देऊन पाडलेत.

मी टोपी उचलली. त्याने बसवलं. म्हणाला, थांबा, इथे खरं काहीतरी आहे. मानेवरच्या धातूच्या पट्ट्या दाखवल्या. पहिल्या तिन्हींवर, बारीक तारांखाली, खोल खाचा. म्हणाला, ही वर्षानुवर्षांची झीज आहे. वाजवणारा हळू हाताचा, बसून वाजवणारा, दोन-तीनच कॉर्ड येणारा, पण सोडलं नाही त्याने.

बघा! मी म्हणत नव्हतो? चार महिन्यांत एवढं झिजवलं, म्हणजे माझा हात काय असेल!

घरी चालत आलो. चढावर दम लागला नाही.

२१ ऑगस्ट

लोरेदाना ऑलिव्हच्या बिया काढत बसली होती. तिला सेत्तिमिओचं सगळं सांगितलं, जरा रंगवूनच. ती मान वर न करता म्हणाली, बाबा, ती आई वाजवायची.

मी म्हणालो, कोण आई?

ती म्हणाली, माझी आई. तुमची बायको. आर्जिया. तुम्ही दुपारपाळीला गेलात, की भांडी आवरून पेटी काढायची. खिडकी लावून खुर्चीत बसायची. तीन कॉर्ड यायच्या तिला, सगळी गाणी त्या तिनांतच बसवायची. मी समोर गृहपाठ करायचे. लग्न होऊन मी गेले तरी तिचं चालूच होतं.

मी म्हणालो, मला कसं नाही कळलं? ती म्हणाली, पेटी कधी उघडलीत का? वाजवून झालं, की ती पुसून ठेवायची. म्हणायची, तुझ्या बापाला बोटाचा ठसा शेजारच्या खोलीतून दिसतो.

मला का नाही सांगितलं, ते विचारलं. लोरेदानाने एक ऑलिव्ह उगाचच दोनदा कापलं. मग म्हणाली, मी विचारलं होतं तिला. ती म्हणाली, एवढ्या नाचघरांत वाजवून आलेला माणूस, त्याच्यासमोर मी काय वाजवणार? हसेल तो.

मी म्हणालो, मला तसा अंदाज होताच.

नव्हता.

२२ ऑगस्ट

मानेमागचा तो अंगठ्याएवढा डाग, मी पहिल्याच दिवशी घासून काढलेला. ओल नव्हती ती.

२४ ऑगस्ट

आर्जियाला जाऊन चार वर्षं झाली. तिच्यावर कविता करायला बसलो. एकही ओळ नाही. यमकसुद्धा नाही.

ही वही मी सोडून कोणी वाचत नाही, तेव्हा लिहायला हरकत नाही. ताप नव्हता. आदल्या दिवशी कारखान्याने मला कायम केलं होतं, वडिलांनी शेजाऱ्यांना वाइन पाजली होती. पहाटे नेवियोची गाडी खिडकीखाली आली. दहा मिनिटं भोंगा वाजवत होता. मी पांघरूण डोक्यावर घेऊन पडलो होतो, बूट घातलेले. मग गाडी गेली. त्यांना आंकोनात त्याच दिवशी चौथा कंदील मिळाला.

दोन वर्षांनी आर्जिया भेटली. ती दुकानात रिबिनी विकायची. काहीतरी बोलायला हवं म्हणून नाचघरांचं बोललो. तिला आवडलं. मग ते परत कसं घ्यायचं?

निश्चय: ३१ला स्टेजवर खरं सांगायचं. जिनेव्राच्या देखत. ही गिटार हिच्या आजीने वाजवली, असं. भाषण लिहायला घेतलं.

२८ ऑगस्ट

भाषण तयार. एक पान. पाल्मिराबाईंनी पाठ थोपटली असती.

चरे काढावेत म्हणून लोरेदानाकडून फडकी परत घेतली. ज्या आर्जियाच्या नाहीत, त्या खुणा गिटारीच्या अंगावर नकोत. दिवसभर घासलं. निघत नाहीत. पत्रा फाटून खालचं लाकूड दिसतंय. अडतीस वर्षांत माझ्या हातून इतका खोल चरा निसटला नव्हता, आणि हा माझाच.

१ सप्टेंबर, सकाळी

काल संध्याकाळी चौक भरला होता. जिनेव्राने सुंदर वाजवलं. पहिल्या तिन्ही पट्ट्यांवर तिची बोटं पडत होती, तेव्हा मी दुसरीकडे पाहत होतो.

मग नेवियो काठी टेकत वर आला. मलाही वर बोलावलं. त्याने गिटार मांडीवर घेतली, चष्मा लावला आणि एकेका चऱ्यावर बोट ठेवत बोलू लागला. हा सेनिगाल्लियाचा, दिवे गेले होते त्या रात्रीचा. हा कात्तोलिकाचा, ड्रमवाला अंगावर पडला होता. आणि हा, दुइलिओ, आठवतं का रे, गाडीच्या दाराचा! लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते. त्याला खरंच तसं आठवत होतं, की तो मला सांभाळून घेत होता, ते मला कळलं नाही. मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. मोतीबिंदू आहे.

माइक माझ्या हातात आला. भाषण खिशात होतं. खिशावर हात ठेवला. नेवियोने माझ्या खांद्यावर हात टाकला होता, जिनेव्रा फोटो काढत होती.

मी म्हणालो, धन्यवाद.

लोरेदाना तिसऱ्या रांगेत होती. ती टाळ्या वाजवत नव्हती. पर्समध्ये काहीतरी शोधत होती.

निश्चय: उद्या जिनेव्राला बसस्टॉपवर सांगायचं. दोघंच असू. माइक नसेल.

२ सप्टेंबर, दुपारी

गिटार जिनेव्राला दिली. तिच्याकडेच शोभते. स्टॉपवर दोघंच होतो. बस बारा मिनिटं उशिरा आली. बारा मिनिटांत माणूस पुष्कळ बोलू शकतो.

मी म्हणालो, जिनेव्रा, तुझी आजी. ती म्हणाली, हो ना, आजोबा, आजी परवा हवी होती, तुझा केवढा अभिमान वाटला असता तिला! मग पेटी मांडीवर घेऊन उघडली आणि म्हणाली, हा खालचा चरा नेवियोआजोबांनी सांगितलाच नाही. हा कुठला रे?

पेचकसाचा.

मी म्हणालो, रिमिनी. पाऊस होता. छप्पर गळत होतं, आम्ही तरी वाजवत राहिलो.

तिने ते फोनमध्ये लिहून घेतलं. बस आली. खिडकीतून हात हलवत होती तोवर हलवला.

जेवताना लोरेदानाने वाढता वाढता विचारलं, सांगितलंत का?

मी म्हणालो, वेळच मिळाला नाही. बस अगदी वेळेवर आली.