पांढऱ्या गाडीची राहिलेली बातमी

प्रिय आई,

आज दुपारी चारपर्यंत मला आठशे शब्द द्यायचे होते. आता पाच वाजून गेलेत आणि समोर फक्त ‘प्रिय आई’ एवढंच लिहून झालंय. तीस वर्षांच्या नोकरीत माझा मजकूर कधी उशिरा गेला नाही. तुला हे ऐकून हसू आलं असतं.

विषय असा आहे. अमरावतीतल्या मोठ्या रस्त्यांवर सायकली आणि मोटारी एकत्र चालाव्यात, की सायकलींना तिथून काढून टाकावं? रविवारच्या पानावर दोन्ही बाजू छापायच्यात. ‘काढा’ ही बाजू एका निवृत्त इंजिनिअरांनी लिहून दिली. ‘राहू द्या’ कोणी लिहायचं, यावर आमचे संपादक म्हणाले, “मिलिंदराव, तुमच्या आईच सायकलवर हिंडायच्या ना? मग दुसरं कोण शोधायचं?”

मी हो म्हणून घरी आलो. आणि त्याच संध्याकाळी मैत्रीनं जिन्याखालून तुझी सायकल बाहेर ओढली. “बाबा, सोमवारपासून मी आजीच्या सायकलनं कॉलेजला जाणार.” कॉलेज रेल्वेच्या पुलापलीकडे आहे. मी विचार न करता नाही म्हणालो. म्हणजे सायकली रस्त्यावर असाव्यात हे शहराला पटवून द्यायला निघालेला माणूस स्वतःच्या घरातली सायकल फाटकाबाहेर जाऊ देईना. मग लेख कोणत्या तोंडानं लिहायचा? म्हणून आधी तुला लिहितोय.

तू गेलीस त्याला आठ महिने झाले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला हिवरखेडकडच्या किती बायका आल्या होत्या, तुला सांगायचं राहिलं. एकीनं आपल्या तिशीतल्या मुलाला पुढे केलं आणि म्हणाली, “हा सिस्टरच्या हातचा. गावात त्या यायच्या आंधी त्यायची घंटी ये.” तुझी ओळख सगळ्यांनी सायकलवरूनच सांगितली. नर्स तर पुष्कळ होत्या, पण चार गावं आणि एक उपकेंद्र सायकलवर सांभाळणारी तू एकटीच होतीस.

लसीचा तो निळा डबा आठवतो? मागच्या कॅरिअरवर तू तो जुन्या ट्यूबच्या पट्टीनं आवळून बांधायचीस. आत बर्फ. बर्फ वितळायच्या आत गावात पोचायचं, म्हणून तू वाटेत कोणाशी बोलायला थांबत नसायचीस. पांढरी साडी, पदर खोचलेला, आणि हँडलला कोणत्या तरी स्कूटरचा गोल आरसा. सायकलला आरसा लावलेली दुसरी बाई मी आजवर पाहिलेली नाही.

त्या आरशात तू मला कधी पाहिलंस का? एकदा तरी पाहिलं असशील, असा मला संशय आहे.

मी नववीत होतो. तेल्हाऱ्याच्या शाळेतून एसटीनं परत येत होतो. नाल्यावरचा तो अरुंद पूल, कठडे नसलेला. बसच्या पुढे तू होतीस आणि पुलाच्या अगदी मधोमध सायकल चालवत होतीस. ड्रायव्हरनं बस तुझ्या चालीनं घेतली. आत लोकांनी गोंधळ घातला. “कोन बाई हाय बाप्पा हे? मधातूनच चालून राहिली.” “अहो, वाजवा ना हॉर्न.” मी दप्तर मांडीवर घेतलं आणि मान खाली घातली. ही माझी आई आहे, असं म्हणालो नाही.

म्हणाला तो ड्रायव्हर. आरशातून मागे बघत त्यानं सगळ्यांना ऐकवलं, “सिस्टर हायेत त्या. लस घेऊन चालल्या, तुमच्याच लेकरायले टोचाले. दोन मिन्टं थांबानं कोनाचं वावर वाहून जाते काय?”

पूल संपला तशी तू डाव्या बाजूला सरलीस आणि मागे न बघता हात वर करून बसला पुढे जायची खूण केलीस. ड्रायव्हरनंही हात वर केला. रोजचंच असावं तुमचं ते. मला ते त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

घरी आल्यावर मी तुला चिडून विचारलं होतं, कडेनं का चालत नाहीस? तू स्टोव्हला पिन मारत होतीस.

“कडेनं चालली असती त त्याले वाटलं असतं का जागा हाय. जागा नाईच ना तिथं. तो घुसला असता अन मी नाल्यात. मधात असली का त्याले थांबाच लागते.”

“आणि लोक शिव्या देतात ते?”

“देऊ दे. शिव्यानं पंक्चर होते काय?”

मला तेव्हा ते उद्धटपणाचं वाटलं. आता कळतं, की त्यात किती हिशेबशीर सभ्यता होती. पूल संपल्यावर तू एक पाऊलही जास्त मधे राहिली नाहीस. जागा नव्हती तिथे पुरती घेतलीस, जागा आली तशी लगेच सोडलीस. आमच्या इंजिनिअरांचा लेख चांगला आहे, वेग आणि वजन यांचं त्यांनी नीट समजावलंय. पण ही गोष्ट त्यांच्या लेखात नाही. रस्ता वाटून घेणं म्हणजे काय, हे मला एका बसड्रायव्हरनं आणि तू हात वर करून दाखवलं होतं, आणि ते मी विसरून गेलो.

कसा विसरलो, ते तुला माहीत आहे. तरीही लिहितो.

निवृत्त होऊन तू आमच्याकडे अमरावतीला आलीस तेव्हा मला वाटलं, सायकल आता सुटेल. तू ती मालाच्या टेम्पोतून आणवलीस. पासष्टीनंतरही तू परतवाडा रस्त्याकडच्या वस्तीतल्या बाळंतिणींना बघायला जायचीस, कोणी पाठवलेलं नसताना. मी एकदा म्हणालो, रिक्षानं जात जा. तू म्हणालीस, “रिक्षा त्यायच्या दारापर्यंत जात नाई, अन मी रिक्षेची वाट पाहत बसत नाई.”

तो पावसाळा होता. तुझा रेनकोट फाटला होता म्हणून तू मैत्रीचा जांभळा रेनकोट घालून गेलीस, टोपी कपाळापर्यंत ओढून. मला पत्रकार परिषदेला उशीर झाला होता. पुलाचं काम चालू होतं तिथे रस्ता एका गाडीपुरता उरला होता आणि पुढे एक जांभळ्या रेनकोटातली बाई मधोमध सायकल चालवत होती. मी हॉर्न दिला. बाई हलेना. पुन्हा दिला. मग डाव्या अंगानं गाडी घुसवली, काच खाली केली आणि ओरडलो, “ओ बाई, कडेनं चाला ना. रस्ता काय तुमचा आहे का?” उत्तर ऐकायला थांबलो नाही.

रात्री जेवायला बसलो तेव्हा तुझ्या पायाला क्रेप बँडेज होतं. नर्सच्या हातचं, एक वळी न पडलेलं.

“काय झालं?” मी विचारलं.

“काई नाई. पुलाच्या कामापाशी एका गाडीवाल्यानं चिखलात उतरवलं.”

“नंबर पाहिलास?”

“चष्म्यावर पानी होतं.”

“रंग तरी?”

“पांढरा.”

“असल्या लोकांचं लायसन्सच काढून घ्यायला पाहिजे. उद्या बातमीच करतो.”

“कर ना,” तू म्हणालीस. “मांगच्या काचेवर प्रेस लिहेल होतं. मले म्हने, रस्ता काय तुमचा आहे का.”

तुझी सून सविता भाकरी वाढत होती, ती तशीच उभी राहिली. मैत्री तेव्हा सातवीत होती. तिनं आधी तुझ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि तू? तू विचारलंस, “वरन घेतं का अजून?”

आई, तू चिडली का नाहीस? तू दोन शब्द सुनावले असतेस तर मी माफी मागून मोकळा झालो असतो. पण तू मला वरण वाढलंस. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला निघालो तर तू पाय पाटावर ठेवून मेथी निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, “बातमी लिवतो म्हने ना, लिव. नाव नको टाकू, पन लिव.”

चार वर्षं झाली. मी ती लिहिली नाही. तूही पुन्हा विचारलं नाहीस. मंत्र्यांची भाषणं, पालिकेच्या सभा, कापसाचे भाव, सगळं वेळेत गेलं. एवढी एकच बातमी राहिली.

एक तक्रार माझीही आहे. तू आम्हाला कायम असं दाखवलंस, की तुला भीती नाही. सायकलस्वार ठार, ही बातमी मी इतक्यांदा कापून तीन ओळींची केलीय की तिचा आकार मला डोळे मिटून सांगता येतो. प्रत्येक वेळी मनात यायचं, आईला हे दिसत नाही का? पालिकेनं सायकलींसाठी हिरवा पट्टा रंगवला तेव्हा मी सुटकेचा श्वास सोडला होता. महिनाभरात त्यावर गाड्या उभ्या राहिल्या आणि एक पाणीपुरीची गाडी. तू बघून आलीस आणि म्हणालीस, “रंग चांगला हाय. पन मले चालाले कोनता रंग देला?”

शेवटच्या आजारपणात, दवाखान्यात, मी तुला सरळ विचारलं. तुला कधीच भीती वाटली नाही?

तू माझ्याकडे असं पाहिलंस, जसं लस टोचताना रडणाऱ्या पोराच्या बापाकडे बघायचीस.

“रोज वाटे. भेव वाटे म्हनूनच मधात राहो. कडेले असली का मी त्याले दिसतच नाई. दिसली त थांबते ना मानूस. मानसं वाईट नसतात रे बाबू, त्यायले दिसत नाई.”

हे माझ्याबद्दल होतं का? विचारायचं धाडस झालं नाही. पण त्या रात्री मला वाटून गेलं, की तू माझी सुटका केलीस.

आता मैत्रीचं ऐक. मी नाही म्हणालो तशी ती म्हणाली, “आजी जायची ना?”

“तेव्हा गाड्या कमी होत्या.”

“चार वर्षांपूर्वी? तेव्हा तर गाडी तुमचीच होती की.”

कोणावर गेली ही पोरगी, सांगायला नको. मग तिनं सांगितलं, की तू तिला दोन उन्हाळे शाळेच्या मैदानावर शिकवलं होतंस. वळण्याआधी आरशात बघ, मग मान वळवून बघ, मग हात दाखव. मला याचा पत्ता नव्हता. म्हटलं, दाखव मला. पुलावरून जाऊन दाखव, मी मागून येतो.

आज सकाळी गेलो. तुझी सायकल, तुझा आरसा, वर ती. मागे मी, त्याच पांढऱ्या गाडीत. रेल्वेच्या पुलाचा चढ लागला, रस्ता अरुंद झाला, तशी तिनं मागे पाहिलं, हात दाखवला आणि सायकल मधोमध घेतली. माझा हात आपोआप हॉर्नवर गेला. स्वतःच्या मुलीच्या मागे, आई. मी तो उचलून मांडीवर ठेवला.

माझ्या मागे मग जे सुरू झालं ते काय सांगू? एक, दोन, पाच हॉर्न. एका मोटारसायकलवाल्यानं काचेजवळ येऊन ऐकवलं, “ओ काका, झोपले काय? कडेनं घ्या ना.”

मी काच खाली केली आणि म्हणालो, “पुढे सायकल आहे. पूल संपला की जा.” आवाज माझा होता, पण बोलणं त्या बसड्रायव्हरचं होतं. ते बोलायला मला नववीपासून आजपर्यंत वेळ लागला. तो पुटपुटला, पण मागेच राहिला.

घाम फुटला होता मला. तिची पाठ दिसत होती, चढावर डावी-उजवी हलणारी, आणि एवढ्याशा पाठीवर मागचे सगळे हॉर्न येऊन आदळत होते. तू हे किती वर्षं सोसलंस? पूल उतरताच ती डावीकडे सरली आणि मागे न बघता तिनं हात वर केला.

हे तिला तू शिकवलंस, की रक्तातच येतं? मी भरपूर अंतर सोडून तिच्या शेजारून पुढे गेलो. डोळे पुसावे लागले म्हणून थोड्या अंतरावर गाडी थांबवली. ती येऊन पोचली आणि म्हणाली, “बाबा, परत असं मागे मागे यायचं नाही हं. मला लाज वाटते.” तिनं तरी तोंडावर सांगितलं. मी बसमध्ये दप्तराआड लपलो होतो.

संपादकांना आत्ताच कळवलंय, मजकूर उद्या सकाळी देतो. पहिलं वाक्य जमलंय. ‘चार वर्षांपूर्वी पुलाच्या कामापाशी एका सायकलवरच्या बाईंना चिखलात उतरवणारी पांढरी गाडी मी चालवत होतो.’ तू म्हणाली होतीस, नाव टाकू नको. तुझं टाकत नाही. माझं टाकतोय.

सोमवारी मैत्री एकटीच निघेल. मी फाटकापर्यंत जाईन, हवा बघीन, आरसा पुसून देईन. ‘कडेनं जा’ हे शब्द तोंडात येतीलच, फार जुनी सवय आहे. ते मी गिळून टाकीन. एवढं वचन माझ्याकडून घे.

तुझा,
मिलिंद