सात वेळा किल्ली

६ फेब्रुवारी, गुरुवार

ती. ताईस,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, तिकडेही असावं. पत्र तुझ्या शिवणकारखान्याच्या पत्त्यावर पाठवतोय. घरी फोन केला तर भावोजी उचलतात, आणि तू उचललास तरी ते शेजारी बसून ऐकतात. रागावू नकोस, आहे ते लिहिलं. गुडघा कसा आहे? मशीनवर बसून बसून तो आणखी धरेल, मधेमधे उठत जा.

माझी पाठ तशीच. शेजारच्या टायरवाल्याने नवा भोंगा आणलाय आणि तो चालतो की नाही हे दिवसातून वीस वेळा तपासतो. त्याची बायको म्हणते, लग्नात एवढा आनंद झाला नव्हता याला.

परवा गॅरेजात एक गाडी आली. छोटी, पांढरी, आतून अगदी स्वच्छ ठेवलेली. मागून चेपलेली. चष्म्याच्या दुकानातल्या बाईंची आहे. तुझा तो जाड काचांचा चष्मा मी त्यांच्याकडूनच करून आणला होता, आठवतं?

सत्तावीस तारखेला भर दुपारी त्या आणि त्यांचे यजमान मोठ्या रस्त्याने येत होते. बाई चालवत होत्या. पूल उतरल्यावर गाडीखाली काहीतरी खाडकन लागलं आणि इंजिन बंद पडलं, तेही मधल्या पट्ट्यात. परत लागेना. यजमान म्हणाले, तू किल्ली मारत राहा, मी ढकलून कडेला घेतो. ते उतरून मागे गेले. मागून आलेल्या ट्रकला थांबता आलं नाही. ते जागच्या जागी गेले.

पंचनामा झाला, पोलिसांनी गाडी सोडली, बाईंनी ती ओढून माझ्याकडे आणवली. म्हणाल्या, "दुरुस्त करू नका. ती का लागली नाही, तेवढं फक्त सांगा. मी सात वेळा किल्ली फिरवली. सासूबाई म्हणतात, घाबरून काहीतरी चुकीचं केलंस तू."

मग मी बघत बसलो. बॅटरी चांगली. स्टार्टर जोरात फिरत होता. टाकीतला पंप किल्ली दिल्यावर गुणगुणत होता. प्लग काढून पाहिला तर ठिणगी नाही. इंजेक्टरही पेट्रोल सोडत नव्हते. दोन्ही एकदम जायचं कारण बहुतेक एकच असतं, म्हणून गाडीखालच्या खड्ड्यात उतरून खालून बघितलं. इंजिनाच्या खालच्या अंगाला बोटाएवढा सेन्सर असतो. इंजिन फिरतंय ही खबर तो कॉम्प्युटरला देतो. तो फुटला होता, त्याची वायर तुटून लोंबत होती. खबरच पोचली नाही तर कॉम्प्युटर ना ठिणगी देत, ना पेट्रोल. सात काय, सातशे वेळा किल्ली फिरवली असती तरी ती गाडी लागली नसती.

सेन्सर फोडणारा लोखंडाचा तुकडा खालच्या कव्हरच्या आत अडकून बसला होता. तळहाताएवढा. पोलिसांनी गाडी वरूनच पाहिली, त्यांना तो दिसणं शक्य नव्हतं.

असो. भावोजींचा ट्रेलर चालू आहे ना? मागच्या उघडत्या फाळक्याची उजवी बिजागरी जागेवर आहे का, जाता-येता एकदा बघून कळव. त्यांना विचारू नकोस. डिसेंबरात मीच बसवून दिली होती, म्हणून सहज.

तुझा,
धाकटा


२० फेब्रुवारी, गुरुवार

ताई,

तुझी चिठ्ठी पोचून आठ दिवस झाले. "फाळका तारेने बांधलाय. बिजागरी कुठेतरी पडली म्हणतात. का विचारतोस?" एवढंच. एरवी तू चार पानं लिहितेस, त्यात दोन पानं माझ्या जेवणावर. तेव्हा का विचारतोय ते तुला कळलेलं आहे, असं धरून लिहितो.

तो तुकडा माझा आहे.

डिसेंबरात भावोजी भरलेला ट्रेलर घेऊन आले. बिजागरी मोडली होती. माझ्याकडे त्या जाडीची पट्टी नव्हती. मी म्हटलं, उद्या आणतो. ते म्हणाले, "उद्याला माल उतरवायला कुणी नसेल. कोपऱ्यात एवढं भंगार पडलंय, त्यातलं काहीतरी डकव." कोपऱ्यात ट्रकच्या कमानीचा, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगचा, पाटा पडला होता. कमानीचं लोखंड कडक असतं. साधं वेल्डिंग मारलं की जोड टिकतो आणि त्याच्या बाजूलाच तडा जातो. हे मला शिकाऊ असल्यापासून ठाऊक आहे. तरी तुकडा कापला, भोक पाडलं, जोडला, वर हिरवा रंग मारला. भावोजींना म्हटलं, "ही आजच्या खेपेपुरती आहे हं. परवा या, नीट करून देतो." ते आले नाहीत. मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर ते चिडले असते, आणि त्यांचा राग तुझ्यावर निघाला असता. हे कारण मी इतक्या वेळा स्वतःला सांगितलंय की आता ते मलाच खरं वाटेनासं झालंय.

खड्ड्यात उभं राहून तो तुकडा ओढून काढला तेव्हा एका बाजूला हिरवा रंग होता आणि भोक वाकडं होतं. ते भोक पाडताना ड्रिल घसरलं होतं. वेल्डिंग शाबूत होतं, तडा बाजूला गेला होता. जिथे जायला हवा होता तिथेच. मी तो फडक्यात गुंडाळून ऑइलच्या पिंपामागे टाकला, हात धुतले आणि दुसऱ्या दिवशी तुला ते पहिलं पत्र लिहिलं. भोंग्याचा विनोदही लिहिला.

आता पुढचं. हेच लिहायला हात उचलत नव्हता.

आठ तारखेला बाई आल्या. मी सेन्सर दाखवला. म्हटलं, तुमची काही चूक नाही, ही गाडी लागणं शक्यच नव्हतं. त्या खुर्चीवर बसल्या. बराच वेळ तो फुटका सेन्सर हातात धरून होत्या. त्यांचा चेहरा थोडा सैल झाला, ते मी पाहिलं.

मग त्यांनी विचारलं, "कशाने फुटला?"

"काहीतरी दगडबिगड असेल रस्त्यावरचा."

"मला कसा दिसला नाही? मोठा असेल ना? लक्ष असतं तर दिसला असता?"

ताई, तो तुकडा डांबरासारखा काळपट होता, रंग खालच्या अंगाला गेला असणार, आणि भर उन्हात त्या वेगात तो कुणालाही दिसला नसता. मला दिसला नसता. पण मला भीती वाटली की दिसला नसता म्हटलं तर त्या विचारतील, मग तो नेमका होता काय. माझ्या तोंडून गेलं, "हो, लक्ष असतं तर दिसला असता."

त्या म्हणाल्या, "बरं." उठल्या, सेन्सर टेबलावर ठेवला आणि गेल्या.

इथून त्या सरळ चौकीत गेल्या. आपलं रस्त्याकडे लक्ष नव्हतं, आपल्या हयगयीमुळे हे झालं, असा जबाब लिहून सही केली. हे मला टायरवाल्याने सांगितलं. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणतात, गावाला चष्मे देते आणि हिला समोरचा दगड दिसला नाही. दुकान तेव्हापासून बंद आहे. सासूबाईंनी नातीला स्वतःच्या खोलीत झोपवायला सुरुवात केलीय. नऊ वर्षांची आहे ती.

हे ऐकूनही मी गेलो नाही. रोज सकाळी ठरवायचं, आज जायचं, आणि एखादी गाडी आली की हायसं वाटायचं.

काल गेलो. तुकडा पिशवीत घालून. बाईंनी दार उघडलं. मी उंबऱ्यावरच सगळं सांगितलं, पाट्यापासून पिंपापर्यंत. तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला, डोळ्यांजवळ नेऊन, काच तपासतात तसा.

"हा मला दिसला असता?"

"नाही."

"तुम्हाला तेव्हाही माहीत होतं."

"हो."

"कधीपासून आहे तुमच्याकडे?"

"चौदा दिवस."

त्या रडतील, दार आपटतील, मारतील, सगळ्याची तयारी ठेवली होती. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "परवा मुलीने विचारलं, बाबा तुझ्यामुळे गेले का. मी हो म्हटलं. आता मी नाही म्हणाले तर ती माझ्यावर विश्वास ठेवेल का?"

 

त्यांनी तुकडा माझ्या पिशवीत परत टाकला. म्हणाल्या, "तुम्हीच जा चौकीत. मी नेला तर लोक म्हणतील, सुटायला कुठून तरी लोखंड उचलून आणलं." आणि दार लावून घेतलं.

तर मी जातोय. माझं नाव पहिलं सांगीन. पण ट्रेलर कुणाचा हे ते विचारणारच, आणि मला सांगावंच लागेल. ट्रेलर जप्त होईल, कदाचित भावोजीही आत जातील. ते घरी राहिले तर तुझे काय हाल करतील, ते मला माहीत आहे. आई गेल्यावर शाळा सोडून मशीनवर बसलीस, त्यावर माझं शिक्षण झालं, हे वेल्डिंगही तूच शिकवलंस म्हणायचं. त्याची परतफेड मी अशी करतोय. माफी मागत नाही. बाईंकडेही मागितली नाही. मागून काही भरून येत नाही, ते कालच कळलं.

हे पत्र आज टाकलं की तुला सोमवारी मिळेल. चौकीत मी शनिवारी जाणार आहे. दिवस मी मुद्दाम तसा धरलाय, ताई. तू नुसतं "थांब" लिहिलं असतंस, तरी मी थांबलो असतो.

तुझाच,
धाकटा